मूकपटातली माझी माणसं

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त गच्चीवर झालेल्या व्याख्यानमालेतील भाषणाचा हा मजकूर. बऱ्याच सभासदांनी मागितला म्हणून, बोलीतला बाज शक्य तितका ठेवून, इथे छापत आहोत.)



सांस्कृतिक समितीने मला विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, मूकपटातले कलाकार. त्यावर बी विंगमधला एक चिरंजीव म्हणाला, ‘‘काका, ज्यांनी पडद्यावर एक अक्षर काढलं नाही त्यांच्यावर तुम्ही पाऊण तास बोलणार?’’ तर हो, बोलणार. त्यांच्या वाटणीचं कुणीतरी बोलायला हवंच.

आणि प्रसंगही तसा जुळून आलाय. ‘रौप्यमहोत्सव’ हा शब्द आपल्या पिढीने शाळेत शिकण्याआधी वर्तमानपत्रातल्या सिनेमाच्या जाहिरातीत वाचला. सिनेमा एका थिएटरात पंचवीस आठवडे चालला की त्याचा रौप्यमहोत्सव व्हायचा. आपल्या सोसायटीचा खेळ पंचवीस वर्षं चाललाय, अधूनमधून पाणी बंद आणि लिफ्ट बंद अशी मध्यंतरं धरून. रौप्य म्हणजे चांदी. या चांदीचा आणि मूकपटांचा एक वेगळाच संबंध आहे, तो मी पुढे सांगणार आहे. तो ऐकायला तेवढे थांबा.

आधी दोन गैरसमज काढून टाकू. पहिला असा, की मूकपट म्हणजे थिएटरात शुकशुकाट. तसं अजिबात नव्हतं. पडद्याच्या पुढे पेटीवाला आणि तबलजी बसायचे आणि प्रसंग बघून वाजवायचे. मध्ये मध्ये अक्षरांच्या पाट्या यायच्या, त्याही दोन-दोन, तीन-तीन भाषांत. ज्यांना वाचता येत नसे त्यांच्यासाठी एखादा माणूस त्या मोठ्याने वाचून दाखवी. आणि प्रेक्षक तर काय, शिट्ट्या, टाळ्या, खलनायकाला शिव्या! मुका होता तो फक्त पडदा.

दुसरा गैरसमज वेगाचा. मुलांना वाटतं, त्या काळची माणसं तुरुतुरु चालायची आणि सगळे मूकपट विनोदी होते. कारण साधं आहे. तेव्हा हाताने कॅमेरा फिरवत सेकंदाला साधारण सोळा चित्रं घेत. बोलपट आल्यावर हा वेग चोवीस झाला. सोळाच्या वेगाने घेतलेली फिल्म चोवीसच्या वेगाने दाखवली, तर रडणारी बाईसुद्धा हास्यास्पद दिसणार. योग्य वेगाने दाखवलेला मूकपट एकदा बघा. ती माणसं तुमच्या-आमच्यासारखीच चालतात, थांबतात, आणि डोळ्यांनी पुष्कळ काही सांगतात.

आता माझ्या आवडत्या माणसांकडे येतो.

पहिला मान अण्णा साळुंके यांचा. ३ मे १९१३ ला गिरगावातल्या कोरोनेशनमध्ये दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसाठी लागला. त्यातली तारामती म्हणजे आपले साळुंके. फाळक्यांना तारामतीसाठी बाई मिळेना. जाहिराती देऊन झाल्या, नको नको तिथे विचारून झालं, पण कॅमेऱ्यापुढे यायला कुणी तयार नाही. शेवटी ग्रँट रोडच्या एका खाणावळीत काम करणारा हा नाजूक हातांचा आचारी त्यांना दिसला. तिथे महिना दहा रुपये मिळत, फाळक्यांनी पंधरा देऊ केले, असं सांगतात. नटांनी कुणी विचारलं तर ‘हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत’ कामाला आहे असं सांगायचं, कारण सिनेमात काम करतो म्हटलं तर सोयरीक जुळायची पंचाईत.

पुढे १९१७ सालच्या ‘लंकादहन’मध्ये याच साळुंक्यांनी राम आणि सीता, दोन्ही भूमिका केल्या. एकाच सिनेमात! पडद्यावर राम आला की लोक पायातल्या चपला काढून ठेवत. म्हणजे जो माणूस चार वर्षांपूर्वी खाणावळीत राबत होता, त्याला बघून लोक हात जोडत होते. मी साळुंक्यांचा चाहता आहे म्हटलं की लोक हसतात. पण ‘राजा हरिश्चंद्र’चा जो भाग शिल्लक आहे त्यात त्यांना बघा. पदर सावरताना, मुलाला जवळ घेताना, हा पुरुष आहे हे मी दर वेळी विसरतो. नंतर ते कॅमेरामन झाले. कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंची कामं करून हा माणूस शांतपणे बाजूला झाला.

पहिली बाई पडद्यावर आली तीही फाळक्यांच्याच ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये, आणि एक नाही, दोघी आल्या. दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची तेरा-चौदा वर्षांची मुलगी कमला झाली मोहिनी. या कमलाबाई म्हणजे पुढच्या कमलाबाई गोखले. चंद्रकांत गोखल्यांच्या मातोश्री आणि विक्रम गोखल्यांच्या आजी. आपल्यापैकी पुष्कळांनी विक्रम गोखल्यांची नाटकं पहिल्या रांगेत बसून पाहिली आहेत. म्हणजे पहिल्या सिनेमाचं वर्ष आपल्यापासून फार लांब नाही. मध्ये एक आजी उभी आहे, एवढंच अंतर.

तिसरी व्यक्ती वयाने सर्वांत लहान. फाळक्यांची मुलगी मंदाकिनी. १९१९ सालच्या ‘कालिया मर्दन’मध्ये ती बाळकृष्ण झाली. या सिनेमाची सुरुवात फार गोड आहे. गोष्ट सुरू व्हायच्या आधी फाळके आपल्या मुलीचा चेहरा दाखवतात. ती वेगवेगळे भाव करून दाखवते, आणि मग बघता बघता त्याच चेहऱ्याचा कृष्ण होतो. आज आपण नातवंडांचे मोबाइलवर व्हिडिओ काढतो आणि पाहुण्यांना बळेच दाखवतो ना, तोच बापाचा कौतुकाचा स्वभाव. फरक इतकाच, की फाळक्यांचे पाहुणे म्हणजे अख्खा देश होता.

मुंबई-नाशिककडून आता कोल्हापूरला जाऊ. बाबूराव पेंटर यांनी स्वतः कॅमेरा तयार केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ आणला. लोकमान्यांनी त्यांना ‘सिनेमा केसरी’ म्हटलं. पण मला आठवण करून द्यायची आहे ती त्यातल्या दोन बायकांची. गुलाबबाईंचं नाव पडद्यासाठी कमलादेवी झालं आणि अनुसूयाबाईंचं सुशीलादेवी. सिनेमात काम केलं म्हणून त्यांना त्यांच्या समाजाने वाळीत टाकलं. दोघींना स्टुडिओच्या आवारातच आसरा घ्यावा लागला. लोकमान्यांची शाबासकी बाबूरावांना मिळाली, त्याच सिनेमाची किंमत या दोघींनी मोजली. त्यांचं ते काम आज आपल्याला बघता येत नाही, कारण ‘सैरंध्री’ शिल्लक नाही.

याच कंपनीत विठ्ठल नावाचा एक मुलगा होता. फिल्म कापायचं-जोडायचं काम करायचा. १९२४ सालच्या ‘कल्याण खजिना’त त्याला नाचणारीची भूमिका मिळाली. दोन-तीन वर्षांत तोच मास्टर विठ्ठल म्हणून तलवारबाजीच्या सिनेमांचा राजा झाला. लोक त्याला हिंदुस्थानचा डग्लस फेअरबँक्स म्हणत. त्याच्या उड्या बघायला पोरं शाळा बुडवत. १९३१ साली अर्देशीर इराणींनी पहिला बोलपट ‘आलम आरा’ काढायचं ठरवलं, तेव्हा नायक म्हणून विठ्ठलचंच नाव पुढे आलं. आधीच्या कंपनीने करार मोडल्याचा दावा लावला. विठ्ठलतर्फे कोर्टात कोण उभं राहिलं? बॅरिस्टर जीना! आणि खटला जिंकला.

खटला जिंकला, पण पुढे गंमत झाली आणि थोडं वाईटही वाटतं. या गड्याला हिंदुस्थानी नीट बोलता येईना. म्हणून पहिल्या बोलपटाच्या नायकाला बऱ्याच वेळ गुंगीत, बेशुद्धीत ठेवण्यात आलं. ज्याच्या अंगात वीज होती त्याला झोपवून ठेवलं! १४ मार्च १९३१ ला गिरगावातल्या मॅजेस्टिकवर ‘आलम आरा’ला एवढी झुंबड उडाली की पोलिसांना बोलवावं लागलं. मास्टर विठ्ठल पुढेही मराठी सिनेमात कामं करत राहिले, पण ते पूर्वीचं राज्य आलं नाही. आवाजाने कित्येकांना जन्म दिला, तशी कित्येकांची वाट अडवली.

आता माझी सर्वांत लाडकी नटी, सुलोचना. थांबा, तुम्ही समजताय त्या सुलोचनादीदी नव्हेत. त्यांच्याबद्दल आदर आहेच. ही त्यांच्या आधीची, रूबी मायर्स. जन्म १९०७, आणि जन्मगाव आपलं पुणं. कॅम्पातलं लाल देऊळ तुम्हाला माहीत आहे. ज्या बगदादी ज्यू समाजाचं ते प्रार्थनामंदिर, त्याच समाजातली ही मुलगी. नोकरी काय करायची? टेलिफोन ऑपरेटर! म्हणजे दिवसभर नुसत्या आवाजावर पोट, चेहरा कुणी बघायचा नाही. तिथून कोहिनूर फिल्म कंपनीच्या मोहन भवनानींनी तिला सिनेमात आणलं, आणि कारभार नेमका उलटा झाला. आता चेहरा सगळ्या देशाने बघायचा आणि आवाज कुणी ऐकायचा नाही.

‘टायपिस्ट गर्ल’, ‘टेलिफोन गर्ल’ ही १९२६ ची तिच्या सिनेमांची नावं. त्यांवर जरा विचार करा. पडद्यावर तोवर सीता, सावित्री, द्रौपदी होत्या. या मुलीने पगारदार बाई पडद्यावर आणली. कचेरीत जाणारी, स्वतःच्या पायावर उभी असलेली. १९२९ मध्ये तर ‘इंदिरा बी.ए.’! आज आपल्या सोसायटीत सकाळी साडेआठला लिफ्टपाशी डबे घेऊन ज्या लेकी-सुना उभ्या असतात, त्यांची ही पडद्यावरची थोरली बहीण.

१९२७ च्या ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’मध्ये तिने आठ सोंगं केली. माळी, पोलीस, हैदराबादी गृहस्थ, रस्त्यावरचं पोर, गोरी मड्डम आणि पाकीटमारसुद्धा. पुढे इम्पीरियल कंपनीत तिला महिना पाच हजार रुपये मिळत, आणि मुंबईच्या गव्हर्नरपेक्षा तिचा पगार मोठा आहे अशी बोलवा होती. बोलवा खरी-खोटी देव जाणे. लोकांना ती खरी वाटली, यातच तिचा दरारा कळतो.

बोलपट आल्यावर तिचीही विठ्ठलसारखीच अडचण झाली, भाषा. पण बाई खचली नाही. वर्षभर काम थांबवलं, हिंदुस्थानी शिकली आणि १९३२ मध्ये बोलणारी ‘माधुरी’ घेऊन परत आली. आपल्याकडे साठीला आलेली माणसं स्मार्टफोन शिकायला नाही म्हणतात, त्यांनी हे ध्यानात ठेवावं. पंचवीस वर्षांची, देशातली सर्वांत मोठी नटी पाटी-पेन्सिल घेऊन पुन्हा पहिलीच्या वर्गात बसली.

तिच्या आयुष्याचा सगळा आलेख एकाच गोष्टीत बसतो. १९२८ च्या मूक ‘अनारकली’त ती अनारकली. १९३५ च्या बोलक्या ‘अनारकली’तही अनारकली. आणि १९५३ ची ‘अनारकली’, बीना रॉयची, तुम्ही पाहिलेली. त्यात सलीमची आई जोधाबाई कोण? हीच सुलोचना. पुढच्या वेळी बघताना गाण्यांतून जरा सवड काढून जोधाबाईकडे बघा. १९७३ चा फाळके पुरस्कार तिला मिळाला आणि १९८३ मध्ये ती गेली.

मी तिचा इतका चाहता, पण तिचा एकही मूकपट मला आजवर संपूर्ण बघायला मिळालेला नाही. फोटो पाहिलेत, जाहिराती पाहिल्यात, वर्णनं वाचलीत. एखाद्या गायकाचं गाणं न ऐकता त्याचं प्रेम करावं, तशी ही गत. आणि तिची एकटीचीच नव्हे. १९१३ पासून १९३४ पर्यंत आपल्या देशात सुमारे तेराशे मूकपट निघाले. आज त्यांतले पुरे-अपुरे, तुकडे धरूनही, तीसच्या आतबाहेरच शिल्लक आहेत. ‘आलम आरा’ची तर एकही प्रत मिळालेली नाही.

गेले कुठे? इथे आपली चांदी येते. तेव्हाच्या काळ्या-पांढऱ्या फिल्मवर चित्र उमटायचं ते चांदीच्या क्षारांमुळे. बोलपट आल्यावर मूकपटांना गिऱ्हाईक उरलं नाही. रिळं जागा अडवत होती, आणि त्या जातीची फिल्म पेटायचीही पटकन, म्हणून घरात ठेवायची भीती. मग ती किलोवर विकली गेली. विकत घेणाऱ्यांनी धुऊन चांदी काढली आणि उरलेल्या पारदर्शक पट्ट्यांच्या बांगड्या केल्या. म्हणजे एखाद्या नटीचा चेहरा कुणाच्या तरी हातात बांगडी होऊन किणकिणला असेल. विकणाऱ्यांना मी दोष देत नाही. त्यांच्या दृष्टीने तो माळ्यावरचा अडगळीचा माल होता. आपणही माळा आवरताना वेगळं काय करतो?

जे वाचलं ते कुणीतरी दारोदार फिरलं म्हणून वाचलं. १९६४ मध्ये आपल्या पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं. तिथल्या पी. के. नायर या माणसाने आयुष्यभर रिळं गोळा केली. फाळक्यांच्या नाशिकच्या घरच्या मंडळींकडून मिळालेल्या तुकड्यांतून ‘कालिया मर्दन’ पुन्हा जुळवला गेला. आज आपण मंदाकिनीचे ते भाव बघू शकतो, ते यामुळे. लॉ कॉलेज रोडवरून आपण रोज जातो-येतो, सिग्नलवर चिडतो. त्या रस्त्यावर हे सगळं सांभाळून ठेवलेलं आहे, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे?

एक चांगली बातमीही सांगतो. ललिता पवार तुम्हाला माहीत आहेत. ‘रामायण’ मालिकेतली मंथरा, ‘श्री ४२०’ मधली केळेवाली, आणि शंभर सिनेमांतली खाष्ट सासू. माझ्या सौभाग्यवतींचं लग्नाआधी सासूबद्दल जे मत होतं, ते सगळं ललिताबाईंनी घडवलेलं! या मूळच्या येवल्याच्या. पुण्यात नानासाहेब सरपोतदारांच्या कंपनीत महिना १८ रुपयांवर, बालकलाकार म्हणून, मूकपटात आल्या. लक्ष्मी रोडवरचं पूना गेस्ट हाऊस ज्यांनी काढलं तेच हे नानासाहेब. मग त्या तरण्याताठ्या नायिका झाल्या. १९४२ मध्ये एका दृश्यात बसलेल्या थपडेने त्यांच्या चेहऱ्याला अर्धांगासारखा त्रास झाला, डोळा अधू झाला, काही वर्षं उपचारांत गेली. नायिका संपली. आणि त्याच डोळ्याचं हत्यार करून त्यांनी पुढची पन्नास वर्षं पडदा गाजवला.

चांगली बातमी ही, की त्यांचा १९३१ चा ‘दिलेर जिगर’ हा मूकपट वाचलेला आहे. त्यात पंधरा वर्षांच्या ललिताबाई नायिका आहेत. दोन्ही डोळे टपोरे, चेहरा नितळ. तो बघितला आणि मी बराच वेळ गप्प बसलो. एक रीळ वाचलं नसतं तर ही मुलगी आपल्याला कधीच दिसली नसती. आपण म्हातारपणीची मंथराच खरी मानून बसलो असतो.

माझ्याकडे तीन चपलांची खोकी आहेत. जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी फिरून जमवलेले फोटो, गाण्यांची चोपडी, हँडबिलं. त्यात एका बाईचा फोटो आहे. नऊवारी साडी, कमरेला हात, नजर थेट आपल्याकडे. काय रुबाब आहे! मागे नाव नाही. पंधरा वर्षं मी जाणकारांना विचारतोय. कुणी सांगू शकलं नाही. तिचाही कुणी चाहता असेल, तिच्यासाठीही कुणी शाळा बुडवली असेल. आज ती फक्त ‘एक बाई’ आहे.

आणि म्हणून शेवटी एक मागणं. या स्मरणिकेसाठी समितीने आपल्या भूमिपूजनाचा फोटो शोधून काढला, तो तुम्ही पाहिला असेल. एकोणीस माणसं आहेत. आम्ही चार जुनी खोडं चष्मे लावून बसलो, सोळा नावं लागली. डावीकडच्या तिघांची लागेनात. एक बहुधा मुकादम, एक सेंटरिंगवाला. पंचवीसच वर्षं झाली आहेत हो! आपल्या डोक्यावरचं छप्पर ज्यांनी उभं केलं ती माणसं आत्ताच मूकपटात जमा झाली.

तर प्रत्येक घराने या वर्षी एक काम करावं. घरातले जुने फोटो खाली काढा. घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाला शेजारी बसवा आणि विचारा, हा कोण, ही कोण, साल कोणतं, गाव कोणतं. उत्तर फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने लिहा. बॉलपेनने नको, शाई पुढच्या बाजूला उमटते. लॅमिनेशन करू नका. लोखंडी कपाटाच्या कोरड्या कप्प्यात ठेवा, बाथरूमच्या भिंतीला लागून नको. मुलांनी मोबाइलवर त्याच्या प्रती काढाव्यात, पण मूळ फोटो टाकू नयेत. आणि माळ्यावर एखादं सिनेमाचं चोपडं, पोस्टर, पत्र्याच्या डब्यातलं रीळ सापडलं, तर रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी बी विंग, दुसऱ्या मजल्यावर मला हाक मारा. मी ते संग्रहालयापर्यंत पोचवीन. रिक्षाचे पैसे माझे.

भूमिपूजनाच्या फोटोची मोठी प्रत खाली नोटीस बोर्डाशेजारी लावली आहे. जेवायला जाताना तिच्यापुढे मिनिटभर थांबा. डावीकडच्या त्या तिघांपैकी कुणाला एकाचंही नाव आठवलं, तर आजच्या माझ्या भाषणाचं चीज झालं.

पानं मांडायला घ्या.